आधी सामना, मग देश

जून २०२४ मध्ये डॅलसला अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईचा, मुंबईकडून रणजी खेळलेला. आपल्याकडे चार दिवस कौतुक झालं आणि मग नेहमीचा सूर लागला. ही कसली अमेरिका? निम्मी माणसं तर इथून गेलेली. असल्या लढतीला आंतरराष्ट्रीय म्हणायचं तरी कशाला? पूर्वी देश देशाविरुद्ध खेळायचा, आता तीन वर्षं राहिलं की माणूस तिकडचा होतो. हा ‘पूर्वी’ नेमका कधीचा, ते मात्र कुणी सांगत नाही. सांगणार कुठून? तो काळ कधी नव्हताच.

ज्या सामन्याला पहिला आंतरराष्ट्रीय सामना म्हणतात, तो सप्टेंबर १८४४ मध्ये न्यूयॉर्कला झाला, अमेरिका विरुद्ध कॅनडा. अमेरिकेच्या बाजूला होता सेंट जॉर्ज क्लब, म्हणजे इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेल्यांचा अड्डा. त्यांच्याकडून खेळलेला सॅम राइट मूळचा शेफील्डचा. (त्याचाच मुलगा हॅरी पुढे बेसबॉलचा मोठा माणूस झाला; क्रिकेट अमेरिकनांच्या रक्तातच नाही म्हणणाऱ्यांनी हे घराणं पाहावं.) कॅनडा तेव्हा ब्रिटिश वसाहत होती, डोमिनियन व्हायला अजून २३ वर्षं होती. धावांचा फरकही २३च, कॅनडा जिंकली. शेवटच्या दिवशी अमेरिकेचा जॉर्ज व्हीटक्रॉफ्ट वेळेवर मैदानात पोचलाच नाही आणि त्याच्याविनाच डाव संपला. देशाची इभ्रत वगैरे पणाला लागलेली असती, तर हा गृहस्थ इतक्या निवांतपणे उशिरा आला नसता.

पुढची पंधरा-वीस वर्षं भराभर उरकता येतात. १८५९ मध्ये जॉर्ज पारचे बारा व्यावसायिक खेळाडू जहाजाने उत्तर अमेरिकेला गेले. १८६१ मध्ये एच. एच. स्टीफन्सनचा संघ ऑस्ट्रेलियाला गेला, तो मेलबर्नच्या स्पायर्स अँड पाँड या खानपान कंपनीच्या पैशावर. स्पायर्स आणि पाँड या दोघांना खरं तर चार्ल्स डिकन्सला व्याख्यानांसाठी आणायचं होतं. ते जमलं नाही, म्हणून क्रिकेट आणलं. ‘इंग्लंड’ हा त्या काळी धंद्याचा माल होता, आणि माल चांगला असल्यामुळे समोर अठरा-अठरा, बावीस-बावीस जण उभे केले जात.

आता मार्च १८७७. इथे सगळेच जरा घाई करतात. मेलबर्नला पहिली कसोटी झाली, ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकली, चार्ल्स बॅनरमनने १६५ केल्या. पाठ झालेलं आहे. पण त्या दिवशी मैदानावर काय होतं ते पाहू. एका बाजूला जेम्स लिलीव्हाइटने स्वतःच्या हिशेबावर नेलेला व्यावसायिकांचा संघ. त्यात त्या काळचा इंग्लंडचा नामांकित फलंदाज ग्रेस नाही, एकही हौशी खेळाडू नाही. हे लोक न्यूझीलंडहून बोटीने आदल्याच दिवशी उतरलेले, काहींची पोटं अजून ढवळत होती. यष्टिरक्षक पूली पैजेवरून झालेल्या मारामारीपायी क्राइस्टचर्चला अडकलेला, त्यामुळे बारातले अकराच उरले. दुसऱ्या बाजूला मेलबर्न आणि सिडनीच्या खेळाडूंची मोट. यष्टिरक्षक म्हणून मर्डॉकला घेतलं नाही, यावर गोलंदाज स्पॉफर्थ रुसून घरी बसला. ऑस्ट्रेलिया नावाचं राष्ट्र जन्मायला १९०१ उजाडायचं होतं. आणि त्या ‘ऑस्ट्रेलियन’ संघात बॅनरमन वूलिचचा, केंडल बेडफर्डचा, हॉरन आयर्लंडचा. संघाच्या २४५ पैकी १६५ धावा काढणारा माणूस जन्माने इंग्लंडचाच होता. आजचा निकष लावला, तर हा सामना इंग्लंड ‘ब’ विरुद्ध इंग्लंड ‘क’ ठरेल.

ही पहिली कसोटी आहे, असं त्या मैदानावर कुणालाच वाटलं नव्हतं. ते ठरलं १७ वर्षांनी. अ‍ॅडलेडचा पत्रकार क्लॅरेन्स मूडी याने १८९४ मध्ये एका पुस्तकात इंग्लंड-ऑस्ट्रेलिया लढतींची यादी छापली. ती हळूहळू सर्वमान्य झाली आणि मागच्या तारखेने १८७७ ‘पहिली’ ठरली. जाणकार यावर खांदे उडवतात. नोंद नंतर झाली, एवढंच ना? कुठून तरी सुरुवात करावीच लागते, आणि अकराविरुद्ध अकरा ही अट काही गैर नाही. अट मलाही मान्य आहे. पण ती सगळ्यांना सारखी लागली का?

१८८९ मध्ये मेजर वॉर्टनने दक्षिण आफ्रिकेत नेलेल्या संघाचा कर्णधार होता ऑब्री स्मिथ, तोच पुढे हॉलिवूडमध्ये नट झालेला. बरेच खेळाडू बेताच्या वकुबाचे. या संघाचा पोर्ट एलिझाबेथचा सामनाही नंतर कसोटी ठरला. उलट १८९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या मंडळींनी ऑस्ट्रेलियन संघाला डावाने धूळ चारली, ते कसोटीच्या नोंदवहीबाहेर. १८९० मध्ये मुंबईत पारशांनी इंग्लंडहून आलेल्या व्हर्ननच्या संघाला चार गडी राखून हरवलं, तेही बाहेर. १८६८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचा संघ इंग्लंडभर ४७ सामने खेळला, १४ जिंकला. तिथून परदेश दौऱ्यावर गेलेला तो पहिला संघ, पण ‘ऑस्ट्रेलिया’ हे नाव त्यांना लागलं नाही. यादी म्हणजे केवळ जमाखर्च नव्हता. देश म्हणून कोणाला ओळख द्यायची याचा तो निवाडा होता, आणि निवाडा करणारे सगळे एकाच घरचे.

१९०९ मध्ये या घराला पाटीही लागली, इम्पिरियल क्रिकेट कॉन्फरन्स. सदस्य तीन: इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका. साम्राज्य ही अट झाल्यावर १८४४ चे मानकरी अमेरिकन आपोआप दाराबाहेर गेले. आत असलेल्या दक्षिण आफ्रिकेने तरी आपली माणसं कुठे मोजली होती? क्रोम हेंड्रिक्स हा वेगवान गोलंदाज १८९४ च्या इंग्लंड दौऱ्यातून वगळला गेला, कारण तो गोरा नव्हता. त्याच सुमारास केंटचा फ्रँक हर्न इंग्लंडकडून कसोटी खेळून पुढे दक्षिण आफ्रिकेकडून खेळला. १८९२ मध्ये केपटाऊनला त्याच्यासमोर त्याचे दोन सख्खे भाऊ इंग्लंडकडून उभे होते. त्याला कुणी भाडोत्री म्हटल्याचं ऐकिवात नाही.

भारताची गोष्ट वेगळी नाही. १९११ मध्ये अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा खेळाडू हिंदू, पारशी, मुसलमान असे वाटे करून निवडले होते आणि कर्णधार होते पतियाळाचे महाराज. दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी घेतले पळवणकर बाळू यांनी. पुण्याच्या मैदानांवर खेळायला लागल्यावर ज्यांना दलित म्हणून चहा वेगळ्या भांड्यात मिळायचा, ते बाळू. इंग्लंडमध्ये ते ‘भारत’ होते. घरी हिंदू जिमखान्याच्या कर्णधारपदासाठीही ते चालले नाहीत. राष्ट्र आधी आणि संघ नंतर असं म्हणणाऱ्यांनी बाळूंचं राष्ट्र कोणतं ते सांगावं.

कसोटीच्या या नोंदवह्या पुढेही मागेपुढे होत राहिल्या. १९४६ मधला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा वेलिंग्टनचा सामना १९४८ मध्ये कसोटी ठरला. १९७० मध्ये इंग्लंड विरुद्ध शेष विश्व संघ हे सामने आधी कसोटी म्हणून मोजले, मग खोडले. ग्लॅमॉर्गनचा सलामीवीर अ‍ॅलन जोन्स त्यातला एकच सामना खेळला होता. त्याचं कसोटीपटू असणं त्या खोडण्यात गेलं. इंग्लंडने त्याला पुन्हा कॅप दिली ती २०२० मध्ये, पन्नास वर्षांनी. २००५ मध्ये मात्र सिडनीला विश्व संघ ऑस्ट्रेलियाशी खेळला, तो सामना ठेवला. त्यामुळे राहुल द्रविडच्या १३,२८८ कसोटी धावांपैकी २३ धावा कोणत्याच देशासाठी काढलेल्या नाहीत, आणि तरी त्या वजा करा असं अजून कुणी म्हटलेलं नाही.