नावाची मुदत

नेटवर्कवर नवे आलेले यंत्र स्वतःला ०.०.०.० म्हणवते आणि सगळ्यांना हाक घालते. डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो, पण लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी. निम्मी मुदत सरली की यंत्राने ती वाढवून मागायची. साडेसत्त्याऐंशी टक्के सरूनही उत्तर नसेल, तर मिळेल त्या सर्व्हरकडे मागायची. मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ मधला हा नियम मला फार शहाणा वाटतो. हातात वेळ असतानाच मागावे.

पत्ते यंत्रांसाठी, नावे माणसांसाठी. अर्पानेटच्या काळात सगळी नावे एकाच फाइलीत असत, आणि एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती हाताने सांभाळी. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस मांडली. यादी वाटली गेली, हाताचे काम राहिलेच. लीजच्या नियमानंतर महिन्याभरात आरएफसी २१३६ आला, आणि चालत्या झोनमध्ये, म्हणजे डीएनएसच्या एका विभागात, नोंद घालायची-काढायची रीत ठरली.

पत्ता बदलला की नाव आपोआप बदलावे, एवढीच मागणी. पण नाव बदलण्याचा अधिकार कोणाचा? आयपी पाहून परवानगी देणे सोपे आहे, आणि ते करू नये. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. डीएचसीपी आणि डीएनएस, दोन्ही सर्व्हरांच्या कॉन्फिगमध्ये एकच गुप्त की ठेवावी. कीचे एक अक्षर चुकले तरी नोंद नाकारली जाते. विनंतीवर वेळही असते, म्हणून घड्याळेही जुळावी लागतात, साधारण ३०० सेकंदांच्या आत. विश्वासाला वेळेचे भान लागते.

एकाच नावाची दोन यंत्रे आली तर? नावाशेजारी डीएचसीआयडी नोंद असते: ज्याने नाव घेतले, त्याच्या ओळखीचा हॅश. तो जुळला नाही तर सर्व्हर त्या नावाला हात लावत नाही. ओळख पटते, उघड होत नाही.

खरी कसोटी नाव काढताना. लॅपटॉप मिटून माणूस निघून जातो. सर्व्हरला ते लीज संपल्यावर कळते. तोवर ते नाव घर सोडून गेलेल्याच्या दारावरच्या पाटीसारखे असते. नाव सापडले नाही तर माणूस चौकशी करतो. चुकीच्या जागी सापडले तर निर्धास्त पुढे जातो. म्हणून लीज किती दिवसांचे, याचा अर्थ खोटी नोंद आपण किती दिवस चालवून घेणार, असाच घ्यावा. टीटीएलही, म्हणजे इतरांनी नोंद लक्षात ठेवायची मुदत, लीजच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावा, नाहीतर इकडे पुसलेले नाव दुसऱ्यांच्या कॅशमध्ये जिवंत राहते. आणि उलट नोंद, पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर, हिला विसरू नये; पुष्कळ ठिकाणी तिच्या झोनला की दिलेलीच नसते.

ज्या झोनमध्ये डीएचसीपी सर्व्हर लिहितो, त्यात आपण थेट लिहू नये. बाइंड हा डीएनएस सर्व्हर ताजे बदल आधी जर्नलमध्ये ठेवतो. फाइल हाताने बदलली तर दोन्हींचा मेळ तुटतो. आधी ‘आरएनडीसी फ्रीझ’, मग बदल, मग ‘थॉ’. प्रिंटर, फाइल सर्व्हर अशी जागा न सोडणारी यंत्रे मी तर वेगळ्या झोनमध्येच ठेवतो.