आधी पासंग पाहा

॥ श्री गुरवे नमः ॥



आपल्या औरादच्या बाजारात जुनी माणसं तागडीवाल्याला पहिल्यांदा एकच सांगायची, "आधी रिकामी तागडी उचल." दोन्ही पारडी सारखी आली तरच माल टाकायचा. एक पारडं झुकलं तर त्याला म्हणायचं पासंग. पासंग असलेल्या तागडीवर दुकानदार कितीही प्रामाणिकपणे तोलला तरी माप खोटंच येणार.

मी एका सरकारी दवाखान्यात बायोकेमिस्ट्रीची लॅब सांभाळतो. साखर, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, सोडियम, पोटॅशियम या तपासण्या आमच्याकडे होतात. आमची रिकामी तागडी म्हणजे कंट्रोल. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे, असा नमुना सकाळी मशीनवर लावायचा. उत्तर बरोबर आलं तर पेशंटचे नमुने घ्यायचे. रोजचा आकडा एका तक्त्यावर ठिपका म्हणून मांडायचा. लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० साली ही पद्धत लॅबमध्ये आणली, जगभर ती आजही चालते.

आता गोष्ट सांगतो. चूक माझ्या लॅबची आहे, म्हणून मीच सांगायला पाहिजे.

एका सकाळी पोटॅशियमचा कंट्रोल यायला पाहिजे होता ४.० च्या आसपास, ३.८ ते ४.२ च्या हद्दीत. आला ४.५. टेक्निशियन पोराने परत लावला, ४.४. तिसऱ्यांदा लावला, ४.२. "बसला!" म्हणून त्याने काम चालू केलं. वहीत फक्त ४.२ लिहिलं. बाहेर पहाटेच्या एसटीने आलेली माणसं उपाशीपोटी बसली होती. "किती येळ थांबवूलालाव, साहेब?" असं खिडकीतून दहादा विचारून झालं होतं.

दुपारी वॉर्डातून फोन आला. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेली एक बाई. आमचा रिपोर्ट म्हणतो पोटॅशियम ३.५, म्हणजे ठीक. पण तिच्या हातापायात त्राण नाही आणि ईसीजी काही वेगळंच सांगतोय. दुसऱ्या मशीनवर तपासलं तर निघालं २.९. मशीनचं इलेक्ट्रोड खराब झालं होतं, दिवसभर आकडा वर वर सरकत होता. पोटॅशियम इतकं उतरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वॉर्डातल्या डॉक्टरने आमच्या कागदापेक्षा पेशंटकडे जास्त पाहिलं, म्हणून ती बाई वाचली.

त्या दिवसाचे पोटॅशियमचे सगळे रिपोर्ट मी मागे घेतले. वॉर्डांना कळवलं, घरी गेलेल्यांना फोन लावून परत बोलावलं. बाईच्या सासूला काय सांगायचं, हा प्रश्न होता. "मशीन बिघडलं होतं" एवढं सांगून सुटता आलं असतं. म्हातारीने विचारलंच, "मशीन बी खोटं बोलतंय का हो, साहेब?"

मी म्हणालो, "नाही आजी. मशीनने सकाळीच खरं सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही."

ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. ते बघणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

संध्याकाळी पोराला बोलावलं. "मला का सांगितलं नाहीस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "सर, सोमवारी मी मशीन थांबवलं होतं. तेव्हा उशीर झाला म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर बोललात."

गुरुबंधूंनो, इथे माझा पासंग मला दिसला. कंट्रोल तीनदा लावला त्याने, पण त्याच्या हाताला ती सवय लावली माझ्या रागाने. रिपोर्टवर सही माझी असते. सही म्हणजे नुसतं नाव नव्हे. ज्याला आपण कधी भेटणार नाही, त्याला दिलेला तो शब्द असतो.

कुणी म्हणेल, परत तपासण्यात वाईट काय? वाईट काहीच नाही. सगळं ठीक असतानाही वीसातला एखादा ठिपका हद्दीबाहेर पडतोच. कोणत्या इशाऱ्याला थांबायचं आणि कोणत्याला नाही, याचे नियम वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये मांडून दिलेत. प्रश्न परत का तपासतोय याचा आहे. कारण शोधायला, की पाहिजे तो आकडा मिळवायला? आपणही मनाला असंच करतो. भावाच्या हिश्श्याचं शेत बळकावावं का, असं मनाला विचारतो. मन पहिल्यांदा "नको" म्हणतं. परत विचारतो, "नको" म्हणतं. तिसऱ्यांदा थकून "बरं" म्हणतं, आणि आपण वहीत फक्त ते "बरं" लिहून ठेवतो.

याच्या उलट उदाहरण मुंबईचं आहे. केईएम हॉस्पिटलच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांसमोर काही माणसांचं असं रक्त आलं की त्याचा मेळ बसेना. पेशी पाहिल्या तर गट ओ वाटायचा, पण रक्तातला द्रव ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करायचा. "काहीतरी चुकलं असेल" म्हणून ओ लिहून टाकणं सोपं होतं. पण अशा माणसाला ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. त्यांनी न जुळणारं उत्तर दाबलं नाही, त्याच्या मागे लागले. १९५२ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून जगाला कळला.

मग दया कशात आहे? उपाशी बसलेल्या माणसाला लवकर कागद देण्यात, की त्याला अजून तासभर ताटकळत ठेवण्यात? मला दोन्ही खरं वाटतं. तो तासही फुकट नसतो, कुणाची मजुरी बुडते, कुणाची एसटी चुकते. म्हणून थांबवायचं असेल तर बाहेर येऊन हात जोडून सांगावं, त्यांच्या पाण्याचं, बसण्याचं बघावं, ज्याचा जीव अडलाय त्याचा नमुना दुसरीकडे पाठवावा. पण खोटं माप देऊन लवकर घरी पाठवणं ही दया नव्हे. ती आपलीच सुटका असते.

आपल्याच जिल्ह्यातल्या बसवकल्याणला बाराव्या शतकात बसवण्णांनी कायक म्हणजे कष्टाचं काम हीच पूजा मानली. पूजेत शिळं फूल चालत नाही, मग कामात कसं चालेल?

पोराला मी शिक्षा केली नाही. चूक झाली ते वेगळं आणि चूक लपवली ते वेगळं, हे त्याला समजावलं. आणि सगळ्यांसमोर रागावलो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच त्याची माफी मागितली. जड गेलं. आता वहीत बाहेर गेलेले आकडेही लिहिले जातात आणि त्याच्यापुढे कारणही. मशीन थांबवायला कुणाला माझी परवानगी लागत नाही. तरी उशीर झाला की माझ्या कपाळावर आठी येते अजून, ती पोरांना दिसते. तेवढा पासंग काढायचा राहिलाय.

*या आठवड्याचा नेम :* महाराज आपल्याला रोज रात्री पाच मिनिटं स्वतःचा हिशोब पाहायला सांगतात. या आठवड्यात घरातल्या मोठ्यांनी त्यात एक प्रश्न वाढवावा : "माझ्या रागाच्या भीतीने घरात कोण माझ्यापासून काय लपवतंय?" लेकरांना बोलवा, सुनेला बोलवा. जे सांगतील ते मधे न बोलता ऐका.

रिकामी तागडी उचलून बघायची, एवढंच.

जय गुरुदेव 🙏
— एक गुरुसेवक, औराद