धाब्याचा कठडा

नवे घर बांधणाराने धाब्याभोवती कठडा करावा, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे (अनुवाद 22:8). कठडा नसल्यामुळे कोणी पडून मेला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. पडणारा मनुष्य सावध होता की बेसावध, हा प्रश्न तेथे विचारलेलाच नाही, ही गोष्ट प्रिय वाचकांनी ध्यानात घ्यावी.

आपल्या खेड्यांतून परांचीवरून गवंडी पडला, किंवा विहिरीत उतरलेल्या गड्यावर दरड आली, म्हणजे लोक म्हणतात, "त्याची वेळ भरली होती." कित्येक ख्रिस्ती बंधूही हेच वाक्य "देवाची इच्छा" या शब्दांनी बोलतात. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले (लूक 13). मेलेल्यांवरचा आळ त्याने दूर केला. परंतु म्हणून बांधणाराची जबाबदारी उडून गेली असे कोणी समजू नये. मारका बैल मोकळा सोडणाऱ्या धन्याचा न्याय निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. बैल मारका आहे हे धन्यास कळविले होते की नाही, यावर तो सारा न्याय अवलंबून आहे. कुजका सुंभ मुकादमास दाखविला असता त्याने "आजचा दिवस चालव" म्हटले, तर तो धनी व हा मुकादम यांत अंतर ते काय?

मुंबईहून पुण्यास जाताना बोरघाटातील बोगदे सर्वांनी पाहिले असतील. तो लोहमार्ग 1856 पासून 1863 पर्यंत बांधला गेला. त्यात 25 बोगदे होते, व 1861 च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांवर मजूर तेथे खपत होते. कडा फोडण्यासाठी माणसे दोरांनी खाली सोडीत. 1859 साली पटकीने छावण्यांत कहर केला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुरा करविला. ही दोन नावे आपणास ठाऊक आहेत. दोरावर लोंबणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव कोणी सांगेल काय?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे 1933 ते 1937 या काळात गोल्डन गेट नावाचा पूल झाला. दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मनुष्य मरावयाचाच, असा त्या काळी बांधकामाचा हिशेब असे. मुख्य इंजिनियर जोसेफ स्ट्रॉस याने तो हिशेब मानिला नाही. त्याने एक लाख तीस हजार डॉलरांवर खर्चून पुलाखाली जाळे बांधविले, व शिस्त मोडून धाडस दाखविणारास कामावरून काढण्याचा नियम केला. जाळ्याने एकोणीस जणांचे प्राण वाचविले. तथापि 17 फेब्रुवारी 1937 रोजी परांची तुटून जाळ्यासकट खाली गेली व दहा जण मेले. जाळे हेच तारण नव्हे, हे यावरून दिसते. परंतु धनी आपला जीव मोजतो, हे खालचे जाळे पाहून मजुरास कळत होते. डोव्ह झोहार या विद्वानाने 1980 साली कारखान्यांतील कामकऱ्यांची पाहणी करून याच गोष्टीस "सुरक्षिततेचे हवामान" असे नाव दिले. भिंतीवर नियमांचा फलक आहे की नाही, एवढ्याने ते ठरत नाही. वरिष्ठांना खरी चाड कशाची आहे असे कामकरी समजतात, त्यावर ते ठरते.

हे हवामान सर्व कामांवर सारखे नसते. मोठ्या कामावर टोपी, पट्टा, तपासनीस असतात; पण ठेक्यात ठेका निघत गेला की पाणी घातलेल्या दुधासारखी जबाबदारी पातळ होते. 1 ऑगस्ट 2023 रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसविण्याचे अवजड यंत्र कोसळून वीस माणसे मेली; काम मोठे म्हणून मरण दूर राहिले नाही. लहान कामाची गत निराळीच. तेथे तपासनीस नाही, आणि सगळे ओळखीचे. वडील गवंडी अनवाणी बांबूवर चढतो, त्यास धाकट्याने टोकावे तर तो उद्धटपणा ठरतो. माझ्या मते हा संकोच कुजक्या सुंभाइतकाच घातकी आहे.

आपल्या मंडळ्या प्रार्थनामंदिरे बांधतात, तेव्हा धनी आपणच असतो. गरीब मंडळीने पैसा कोठून आणावा, असे कोणी म्हणेल. पुष्कळ गोष्टींना पैसा लागत नाही: सकाळी दोर पाहणे, पावसानंतर पायाच्या खड्ड्यात कोणास उतरू न देणे, रात्री तो झाकणे. ज्यास पैसा लागतो त्यासाठी छप्पर एक हंगाम उशिरा पडले तरी चालेल. नाताळपूर्वी अर्पणविधी झालाच पाहिजे असा हट्ट पंचांनी मजुरांच्या माथी मारू नये.

तरी उपदेशक व पंच यांस एवढीच विनंती की, काम सुरू होण्यापूर्वी कोणास न विचारता ते थांबविण्याचा अधिकार एका मनुष्यास द्यावा, त्याचे नाव पंचांच्या वहीत लिहावे, आणि परगावच्या बिगाऱ्यांनाही पहिल्याच दिवशी ते सांगावे.