मुलांना मृत्यूविषयीं खरें सांगावें काय ?

लहान मुलांशीं खोटें बोलण्याचा परवाना आपल्या समाजानें वडील माणसांना फार पूर्वीं देऊन ठेवला आहे. मूल जेवत नसेल तर बागुलबोवा येतो, रडत असेल तर गोसावी झोळींत घालून नेतो, आणि औषध कितीहि कडू असलें तरी तें गोडच असतें. हीं असत्यें इतकीं सवयीचीं झालीं आहेत कीं, तीं बोलतांना आपण असत्य बोलत आहों ही जाणीवहि कोणास होत नाहीं. आम्हांसहि ती होत नव्हती. ज्या प्रसंगानें ती झाली तो सांगून, त्यांतून निघणारा प्रश्न वाचकांपुढें ठेवावा असा आमचा हेतु आहे.

आमचे वडील बंधु इंदापुरास राहत असत. तुकोबांची पालखी निमगांव केतकीवरून इंदापुरास आली व पुढें सराटीकडे गेली, त्यानंतर आठवड्याच्या आंतच ते निवर्तले. त्यांचा नातू साडेचार वर्षांचा. त्याचा बाप बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस असून रोज एस्. टी. नें जाऊन येऊन असतो. संध्याकाळीं आजोबांचें बोट धरून स्टँडवर जावयाचें, बारामतीच्या गाडींतून बाप उतरला कीं तिघांनीं मिळून घरीं यावयाचें, असा त्या मुलाचा नेम होता. स्मशानांतून आम्ही परतलों तेव्हां तो ओट्यावर बसला होता. त्यानें विचारलें, “आजोबा कुठं आहेत?” तीस वर्षें महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, “ते बारामतीला माझ्या घरी गेलेत. पुस्तकं वाचत बसलेत.” त्याचें समाधान झालें. आपण फार दयाळूपणें वागलों असें आम्हांसहि वाटलें.

पुढें वहिनींनीं त्यास सांगितलें कीं, आजोबा देवाघरीं गेले. तेराव्या दिवशीं अंगणांत काकबळी ठेवला, त्यावर कावळा बसला, तेव्हां शेजारची कोणी बाई म्हणाली, “बघ, आजोबा आले!” एका माणसाचे तीन पत्ते त्या पोराजवळ जमा झाले. त्यांपैकीं त्याच्या ओळखीचा पत्ता एकच होता. बाप पुन्हां कामावर निघाला त्या सकाळीं मुलानें त्याच्या पायांना मिठी मारली, ती कांहीं केल्या सुटेना. “पप्पा, बारामतीला जाऊ नको,” एवढेंच तो म्हणे. बारामतीला गेलेला माणूस परत येत नाहीं, हें अनुमान त्यानें आमच्या वाक्यावरून व पुढच्या तेरा दिवसांच्या अनुभवावरून काढलें होतें. आणि हाताखालून तर्कशास्त्राचे इतके विद्यार्थी गेले असूनहि त्या अनुमानांत दोष दाखविणें आम्हांस शक्य नव्हतें.

त्याच आठवड्यांत तो मोबाइलवर ‘गल्ली गल्ली सिम सिम’चा एक जुना भाग पाहत असतां आम्ही त्याच्याजवळ बसलों होतों. अमेरिकेंत 1969 साली सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या कार्यक्रमाचें हें 2006 साली निघालेलें हिंदी भावंड. त्यांतील चमकी नांवाची बाहुली शाळेचा गणवेष घालते व मुलांबरोबर अक्षरें-आंकडे शिकते. आम्हीं परीक्षा पाहण्याकरितां विचारलें, “ही बोलते कशी रे?” पडद्यावरची नजर न काढतां तो म्हणाला, “आतून हात आहे ना.” आणि लागलीच चमकीच्या एका प्रश्नाला त्यानें मोठ्यानें उत्तर दिलें.

या साध्या गोष्टींत असत्याची सबंध मीमांसा आहे. बाहुली बोलत नाहीं, हें मुलास ठाऊक असतें. तें त्यास ठाऊक आहे, हें हात घालणारासहि ठाऊक असतें. दोघांच्या संमतीनें उभें राहिलेलें जें लटकें, त्यास खेळ म्हणतात. एकास ठाऊक व दुसऱ्यास ठाऊक नाहीं असें जें लटकें, त्यास फसवणूक म्हणतात. यशवंत केशव पाध्ये यांच्या व त्यांच्या मागून रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसून अर्धवटराव महाराष्ट्राशीं पिढ्यान् पिढ्या बोलत आले. आवाज कोणाचा हें प्रेक्षकांतील लहान पोरासहि कळत होतें, म्हणून पाध्यांस कोणीं असत्यवादी म्हटलें नाहीं. प्लेटोच्या गुहेंतील कैदी भिंतीवरच्या सावल्यांनाच सत्य समजतात, आणि सावल्या पाडणारीं माणसें भिंतीच्या आड असतात. त्या भिंतीची तुलना प्लेटोनें बाहुल्यांचा खेळ करणारांच्या पडद्याशीं केली आहे. परंतु आमच्या घरीं त्या आडभिंतीमागें कोण उभें होतें? चमकीचा हात त्या मुलानें ओळखला होता. आमचा ओळखला नव्हता.

आमचा प्रश्न याच कार्यक्रमाच्या मूळ कर्त्यांपुढें एकदां उभा राहिला होता. ‘सेसमी स्ट्रीट’मधील दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे नट विल ली हे डिसेंबर 1982 मध्यें वारले. दुसरा नट घ्यावा, किंवा हूपर दुकान सोडून परगांवीं गेला असें सांगावें, हे मार्ग मोकळे होते; दुसरा मार्ग म्हणजे आमची बारामतीच. त्यांनीं बालमानस जाणणारांचा सल्ला घेतला आणि 24 नोव्हेंबर 1983 रोजीं, अमेरिकेंतील सणाच्या सुटीच्या दिवशीं, आईबाप घरीं असतांना, एक भाग दाखविला. त्यांत बिग बर्ड नांवाचा आठ फुटांहून उंच पिंवळा पक्षी आपल्या सर्व मित्रांचीं चित्रें काढून ज्याचें त्यास देतो. हूपरचें चित्र तेवढें हातांत उरतें. तो कोठें आहे, असें विचारल्यावर मोठीं माणसें त्यास आठवण देतात कीं, हूपर वारला. तो परत येईल तेव्हां देईन, असें पक्षी म्हणतो. तेव्हां तीं सांगतात कीं, मेलेला माणूस परत येत नाहीं. आपल्याला दूध कोण करून देणार, गोष्टी कोण सांगणार, हे त्याचे पुढचे प्रश्न. त्यांस उत्तरें मिळतात. असें कां व्हावें, या प्रश्नास मात्र, होतें म्हणून होतें, याहून अधिक उत्तर त्यांजपाशीं नसतें, आणि असल्याचा आव तीं आणीत नाहींत.

बाहुलीनें मुलांस शिकवावयाचें अशी आपली समजूत असते. येथें बाहुली विचारते व माणसें उत्तर देतात. जें विचारण्याची मुलास भीति वाटते तें बाहुली त्याच्या वतीनें विचारते, अज्ञान तिचें ठरतें, आणि उत्तर मात्र मुलास मिळतें. मुलांस नग्न सत्यच द्यावें, कल्पित कथा देऊं नयेत, असें म्हणणाऱ्या रूसोनें ‘एमिल’ ग्रंथांत ला फाँतेनच्या कावळा-कोल्ह्याची सुद्धां गय केली नाहीं. पण नग्न सत्यहि ऐकणाराच्या वयाचें माप घेऊन सांगावें लागतें, आणि तें माप बाहुलीला बरोबर सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

यावर एक आक्षेप निघेल कीं, ‘देवाघरीं गेले’ हें सुद्धां असत्यच काय? आमचें उत्तर असें कीं, तें वक्त्यावर अवलंबून आहे. वहिनींची त्यावर श्रद्धा आहे. त्यांच्या मुखीं तें सत्यवचन आहे. आम्हांपाशीं तेवढा विश्वास नाहीं. आम्हीं तेंच वाक्य उच्चारलें असतें तर तें असत्य झालें असतें. पण आस्तिक असो वा नास्तिक असो, मुलाचें एक देणें दोघांवरहि आहे: गेलेला माणूस परत येणार नाहीं, हें आधीं सांगणें. त्यापुढें देवाघराची कथा ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें सांगावी. त्या अमेरिकन भागाच्या कर्त्यांनींहि धर्माची बाजू अशीच घरोघरच्या वडिलांवर सोडली होती.

दुसरा आक्षेप असा कीं, एवढ्या कोंवळ्या वयास हें सोसत नाहीं. आमच्या परंपरेंत मृत्यूविषयींचा सर्वांत मोठा प्रश्न एका कुमारानेंच विचारला आहे. नचिकेत्यानें तो विचारतांच यमानें प्रथम काय केलें, तें कठोपनिषदांत पाहावें. शंभर वर्षें जगणारे पुत्रपौत्र घे, हत्ती घे, घोडे घे, सोनें घे, पण हें विचारूं नकोस. प्रत्यक्ष मृत्यूसहि मुलाच्या हातीं खेळणें देऊन सुटका करून घ्यावीशी वाटली! न सोसणारा पुष्कळदां मोठा माणूसच असतो. ओट्यावर त्या दिवशीं ज्याचें दुःख लपवावयाचें होतें तो मुलगा नव्हता. आम्हांस तो शब्द स्वतःच्या तोंडून ऐकावयाचा नव्हता.

अखेर एका संध्याकाळीं आम्ही त्यास घेऊन इंदापूरच्या स्टँडवर गेलों व म्हणालों, “मी तुला खोटं सांगितलं होतं. आजोबा बारामतीला नाहीत. ते वारले. आता ते परत येणार नाहीत.” बराच वेळ तो येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहत राहिला. मग म्हणाला, “मग मला स्टँडवर कोण आणणार?” “मी इथं आहे तोवर मी, मग आजी.” “तुम्ही पण वारणार?” “हो. कधी ते मला माहीत नाही.” “पप्पा पण?” येथें जीभ अडखळली. “कधीतरी. पण बारामतीला गेल्यानं कोणी वारत नाही.” इतक्यांत गाडी लागली व बाप उतरला.

त्या रात्रीं तो आजोबांकरितां प्रथमच रडला, पुष्कळ रडला. बापाच्या पायांची मिठी सुटावयास आणखी आठ-पंधरा दिवस गेले. आतां तो हसतो-खेळतो, आणि आम्हांशीं पूर्वींसारखाच बोलतो. फक्त आम्हीं कांहींहि सांगितलें, मग तें उद्यांच्या खाऊविषयीं कां असेना, कीं तो क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतो आणि विचारतो, “खरं ना?” हा प्रश्न तो घरांत दुसऱ्या कोणासहि विचारीत नाहीं.