वाट न पाहण्याचा अधिकार

बंगळूरच्या कचेऱ्यांतून टंकलेखनयंत्राचा आवाज आता फारसा येत नाही. सकाळी संगणक सुरू करावयाचा आणि टपालाची, हिशेबाची, टिपणीची अशा तीनचार खिडक्या उघडावयाच्या, हाच आजचा प्रातर्विधी. तोही यंत्रावर सोपविता येतो. प्रोग्रॅमांची नावे एका लहानशा आज्ञापत्रात, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, एकाखाली एक लिहावीत. मात्र युनिक्सच्या परंपरेत तेवढ्याने भागत नाही. पहिला प्रोग्रॅम बंद होईपर्यंत यंत्र दुसऱ्या ओळीकडे वळतच नाही. म्हणून प्रत्येक ओळीच्या अखेरीस अँपरसँड हे चिन्ह द्यावयाचे. एरवी त्याचा अर्थ ‘आणि’. येथे मात्र ‘हे काम पार्श्वभूमीत चालू दे, मी थांबत नाही’ असा.

सोय निर्दोष आहे. ज्या खिडकीपुढे आपण दिवसभर बसणार, ती मिटण्याची वाट यंत्राने का पाहावी? विचारात पाडणारी गोष्ट निराळीच. अशा ओळीचा निकाल शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा त्या यंत्रातील कारकून, तत्काळ शून्य असा नोंदवितो. आणि या शास्त्रात शून्य म्हणजे यशस्वी. प्रोग्रॅम उघडला की पहिल्याच पावलाला कोसळला, याची त्या शून्याला खबरही नसते. ‘पुढील कार्यवाहीसाठी रवाना’ असा शेरा मारून फाइल निकालात काढणाऱ्या आपल्या वर्गाला हे शून्य चांगलेच परिचयाचे असावे.

यावर कोणी गीतेचा आधार घेईल: कर्म करावे, फळाची आस धरू नये. येथील विधानसौधाच्या दर्शनी भागावर तर सरकारी काम हे देवाचे काम, अशा अर्थाचे कानडी वचन कोरलेलेच आहे; मग फळाची चौकशी कशाला? मला हा युक्तिवाद आळसाचा वाटतो. फळावरचा हक्क सोडणे निराळे आणि फळाची वार्ताच न घेणे निराळे. पहिल्यात कर्ता स्वतःचे काही सोडतो, दुसऱ्यात तो परक्याचे नुकसान नजरेआड करतो. निवृत्तिवेतनाचे प्रकरण पुढे पाठविणाऱ्याने शाबासकीची आशा खुशाल सोडावी. पण त्या वृद्धेच्या हाती पैसे पडले की नाही हे न विचारणे, हे काही वैराग्य नव्हे.

युनिक्स घडविणाऱ्यांना हा भेद व्यवहारात तरी उमगला होता. ज्याने काम सुरू केले तो निकाल विचारीपर्यंत, संपलेल्या कामाचीही नोंद यंत्राच्या वहीत तशीच राहते. तिला तेथे ‘झोंबी’ म्हणतात. सुरू करणाराच आधी निघून गेला, आपल्याकडे बदली होते तसा, तर पोरके काम सामान्यतः पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसकडे दत्तक जाते. शिवाय ‘वेट’ ही आज्ञा आहेच. परंतु नुसते ‘वेट’ म्हटले, तर सारी कामे संपेपर्यंत ती थांबते खरी, उत्तर मात्र पुन्हा तेच शून्य! कोणाचे काय झाले हे कळावयास हवे असेल, तर प्रत्येक काम सोडतानाच त्याचा क्रमांक टिपून ठेवावा लागतो आणि पुढे त्या क्रमांकाने विचारावे लागते. कचेरीत त्याला जावक क्रमांक म्हणतात.