डोंगर ढळले तरी?

पावसाळ्यात लोणावळ्याला आलेले पाहुणे औंढ्याच्या बाजूचे हिरवे डोंगर पाहून हरखून जातात. पायथ्याशी राहणारे आपण मात्र रात्री पावसाचा जोर वाढला की जागे होतो. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आपल्याच जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखालची इरशाळवाडी तशीच गाडली गेली.

हे ठाऊक असताना ४६ वे स्तोत्र म्हणणे सोपे नाही. पर्वत ढळून समुद्रात गेले तरी आपल्याला भय नाही, असे स्तोत्रकर्ता तेथे सांगतो. मग माळीणच्या लोकांना आश्रय का मिळाला नाही? ते काय अधिक पापी होते? शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा हाच प्रश्न पुढे आला होता. प्रभू येशूने स्वच्छ शब्दांत ‘नाही’ म्हटले (लूक १३). त्यामुळे निदान हे उत्तर तरी कोणा शोकग्रस्ताला आपण देऊ नये. दुर्दैवाने ते अजूनही दिले जाते.

डोंगर म्हणजे सुरक्षितता, असे मावळात पूर्वापार मानले गेले. तरीही आपल्या शेजारचा लोहगड १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला, १६७० मध्ये परत आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. १२१ व्या स्तोत्रातील यात्रेकरू डोंगरांकडे डोळे लावतो खरा, पण साहाय्य मागतो ते डोंगर घडवणाऱ्याकडे.

आता हे साहाय्य म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हे. ९१ व्या स्तोत्रात देवदूत आपल्याला हातांवर झेलतील असे वचन आहे. ते वचन येशूपुढे कोणी म्हणून दाखवले? सैतानाने, मंदिराच्या शिखरावर! उडी टाक, देव वाचवील, असा त्याचा अर्थ त्याने लावला. येशूने तो अर्थ नाकारला. पुढे क्रुसावर त्याच्या ओठी स्तोत्रच आले, पण ते २२ वे, देवाने मला का टाकले असे विचारणारे. आणि तरीही तो हाक मारतो ती ‘माझ्या देवा’ अशीच.

यरुशलेमच्या लोकांनीही हे अनुभवले. ज्या नगरात देव वसतो ते ढळणार नाही, असे ते गात असत. इ.स.पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने ते नगर आणि मंदिर जाळले. ते स्तोत्र खोटे ठरले म्हणून त्यांनी फाडून टाकले असते, तर नवल वाटले नसते. त्यांनी ते जपले, आणि त्याच ग्रंथात बाबेलच्या नद्यांकाठचे रडणेही लिहून ठेवले.

पहारेकऱ्याचेही तेच. परमेश्वर नगर राखत नसेल तर पहारा व्यर्थ, असे १२७ वे स्तोत्र म्हणते; पण पहारेकऱ्याने घरी जाऊन झोपावे, असे म्हणत नाही. उतारावर भेग दिसली तर तलाठ्याला कळवावे, वेळ पडल्यास शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईला उचलून शाळेत न्यावे. यात विश्वास कमी पडत नाही.

८८ व्या स्तोत्राला तर शेवटी उजेडही नाही. ते अंधार या शब्दापाशीच थांबते. ख्रिस्तसभेने ते वगळलेले नाही. शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ते म्हटले जाते, ज्यांना त्या रात्री प्रार्थना सुचत नाही त्यांच्या वतीनेही.