छत्रीच्या कापडाचं जॅकेट

डिसेंबर संपत आला की मी एका वहीत पुढच्या वर्षाचे संकल्प लिहून ठेवतो. कॉलेजपासूनची सवय आहे. गेल्या डिसेंबरच्या पानावर तीन ओळी आहेत. ॲक्रोनिमचं एक जॅकेट घेणे. पुण्यात टेकवेअरच्या बारा मीटअप घेणे. वर्षअखेर ग्रुपमध्ये पन्नास जण करणे. नुकतंच ते पान उघडून हिशोब लावला. जॅकेट झालं नाही, माझ्या पगारात ते बसतच नाही. मीटअप नऊ झाल्या. माणसं त्रेचाळीस झाली. आकडे पाहून बरं वाटायला हवं होतं, पण त्या पानासमोर बसलो असताना जुलैतली एक संध्याकाळ पुन्हा आठवली आणि नंतर तीन दिवस काही केल्या डोक्यातून जाईना. ती लिहून काढल्याशिवाय नव्या वर्षाचं पान उघडायचं नाही, असं ठरवलंय.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेकवेअर म्हणजे गिर्यारोहकांच्या आणि सैनिकांच्या कपड्यांमागचं तंत्र शहरात रोज घालायच्या कपड्यांत आणणं. पाऊस आत न येऊ देणारं कापड, आतून पट्टी लावून बंद केलेल्या शिवणी, हात वर केला तरी वर न सरकणारी बाही, मांडी घालून बसलं तरी आसनात न फाटणारी पँट, आणि खिसे, भरपूर खिसे. आमच्या ग्रुपमधली एक मुलगी सांगते की ती या सगळ्यात आली ती फक्त खिशांसाठी. बायकांच्या कपड्यांना कामाचे खिसे कुणी देत नाही, म्हणून. मला तिचं कारण आमच्या सगळ्यांच्या कारणांहून खरं वाटतं.

माझं कारण वेगळं होतं. मी या कपड्यांच्या गोष्टींच्या प्रेमात पडलो. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनचे तापवलेले रॉड हळूहळू ताणत होता आणि ते दर वेळी तुटत होते. शेवटी वैतागून त्यानं एकाला जोरात हिसका दिला आणि तो रॉड तुटण्याऐवजी कितीतरी पट लांब झाला. त्या हिसक्यातून पुढे गोरटेक्सचा पडदा आला. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, आणि तरी इतकी मोठी की घामाची वाफ बाहेर पडते. १९९४ मध्ये जर्मनीत म्युनिकला एरोल्सन ह्यू आणि मिखाएला झाखेनबाखर यांनी ॲक्रोनिम ही कंपनी सुरू केली. त्यांच्या जॅकेटच्या बाहीत एक खिसा असतो, हात खाली केला की त्यातून फोन घसरून थेट तळव्यात येतो. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेन, मोजदाद नाही. एका माणसानं हाताच्या हालचालीचा एवढा विचार केला, याचंच मला अप्रूप होतं. आजही आहे.

आणि याआधीही मी असं एक वस्त्र पाहिलं होतं. आमचे आजोबा माण तालुक्यातले. पावसात रानात जाताना ते घोंगडीची खोळ करून डोक्यावर घ्यायचे. दख्खनी मेंढीची काळी, जाडीभरडी लोकर. सणगराच्या मागावर विणलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली. पाऊस तिच्या केसांवरच अडकून राहायचा. तीच घोंगडी रात्री अंथरूण आणि थंडीत पांघरूण. त्यांनी कधी तिचं कौतुक करून घेतलं नाही. खुंटीवरून काढायची, घ्यायची आणि चालू लागायचं.

आता जुलैबद्दल.

रविवार होता. आमची मीटअप नदीपात्रातल्या रस्त्यावर, भिडे पुलाच्या अलीकडे, मेट्रोच्या खांबांखाली. खडकवासला धरणातून पाणी सोडलं नव्हतं, म्हणून रस्ता उघडा होता. काँक्रीटचे उंच खांब, ओला डांबरी रस्ता, संध्याकाळचा करडा उजेड. आमच्या काळ्या कपड्यांच्या फोटोंना याहून चांगली जागा पुण्यात नाही. पंधराएक जण आले होते. मी नेहमीप्रमाणे सुरुवातीला एक गोष्ट सांगायला घेतली. त्या दिवशी मास्सिमो ओस्तीची. इटलीतल्या बोलोन्याचा हा माणूस जुने लष्करी आणि कामगारांचे कपडे गोळा करायचा, उसवून बघायचा. १९८२ मध्ये त्यानं स्टोन आयलंड हा ब्रँड सुरू केला तो ट्रकवर टाकायच्या ताडपत्रीसारख्या एका कापडापासून. ते जाड, दोन बाजूंना दोन रंग असलेलं कापड त्यानं धुऊन धुऊन मऊ केलं आणि त्याची जॅकेटं शिवली. जे कापड कुणी अंगावर घ्यायचा विचारही केला नसता, त्यात त्याला जॅकेट दिसलं, हे मी अगदी भरून येऊन सांगत होतो. पाव तास तरी बोललो असेन.

ऐकणाऱ्यांत मागे एक मुलगा उभा होता. पहिल्यांदाच आला होता. वीस-बावीसचा, सडपातळ, स्कूटर खांबाला टेकवून लावलेली. अंगात काळं जॅकेट. गोष्ट संपल्यावर मी जवळ गेलो आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठलं आहे हे?"

"मीच शिवलंय दादा. आईच्या मशीनवर."

ते छत्र्यांचं कापड होतं. मोडक्या छत्र्या दुरुस्तीवाल्याकडून घेऊन त्यांचे त्रिकोणी तुकडे त्यानं जोडले होते. प्रत्येक जोड तिरका खाली जाणारा, म्हणजे पाणी शिवणीवर थांबणार नाही. आतून शिवणींवर सायकलच्या ट्यूबच्या पातळ पट्ट्या पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवल्या होत्या. बाह्या खांद्यापासून थोड्या पुढे वळवून लावल्या होत्या. उभं असताना त्या विचित्र दिसत, पण त्यानं हँडल धरल्यासारखे हात पुढे करून दाखवले तेव्हा पाठीवर एक सुरकुती पडली नाही. डाव्या बाहीवर मनगटाच्या वर पारदर्शक प्लास्टिकचा खिसा होता, वरून वेल्क्रोची झडप. त्यात मोबाईल. तो खाण्याच्या ऑर्डरी पोचवायचं काम करतो. पावसात फोन बाहेर न काढता नकाशा दिसावा म्हणून तो खिसा.

हे सगळं मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायची सोय मला नाही, कारण सहा महिन्यांनंतरही त्या जोडांचा तिरकेपणा मला तपशिलात आठवतोय. मी म्हणालो, "भारी आहे." आणि मग ग्रुप फोटोची वेळ झाली.

सगळे खांबापुढे उभे राहिले. कॅमेऱ्यात पाहिलं तर त्याचं जॅकेट एका बाजूला जरा चमकत होतं, छत्रीचं कापड चमकतं तसं, आणि एका तुकड्यावर जुन्या छत्रीच्या कंपनीचं अर्धं नाव उरलं होतं. मी त्याला म्हणालो, "तू एक मिनिट जरा इकडे येतोस? या फ्रेममध्ये एकसारखं हवंय." तो लगेच बाजूला झाला. हसलासुद्धा. फोटो झाला, चांगला आला. नंतर मी पुढच्या फोटोत त्याला बोलवायचं विसरलो. चहाच्या वेळी पाहिलं तर स्कूटर नव्हती.

त्यानंतर तो एकाही मीटअपला आला नाही.

मी स्वतःला बरीच कारणं दिली. फोटोला एक दिसणं लागतंच. मी त्याचा अपमान केला नाही, नीट बोललो. तो कामावर असेल म्हणून निघाला असेल. या प्रत्येक कारणात थोडं खरं आहे आणि म्हणूनच ती इतके दिवस टिकली. पण ताडपत्रीत जॅकेट पाहणाऱ्या इटालियन माणसाबद्दल पाव तास बोलणारा मी, आणि छत्रीत जॅकेट पाहणाऱ्या मुलाला फोटोतून बाजूला करणारा मीच. मध्ये फार तर वीस मिनिटं गेली असतील. तेव्हा मला दोन्हींमधला संबंधही लागला नाही.

मग प्रश्न असा की मी या नऊ भेटी कशासाठी घेतल्या? वहीत मी लिहिलं होतं बारा आणि पन्नास. कशासाठी, ते लिहिलं नव्हतं. आता मागचं आठवून प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रत्येक भेटीआधी मी सगळ्यात जास्त विचार केला तो मी काय घालणार याचा. प्रत्येक भेटीनंतर पहिल्यांदा पाहिले ते फोटो, आणि फोटोत पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःला. ऑफिसात मी कुणाच्या नजरेत भरणारा माणूस नाही. त्या खांबांखाली मात्र मी सगळ्यांना माहीत असलेला, गोष्टी सांगणारा, कोणत्या कापडात काय आहे हे जाणणारा माणूस होतो. ते मला हवं होतं. असं हवं असणं हा गुन्हा नाही, असं अजूनही वाटतं. पण त्यासाठी मी दुसऱ्या कुणाला तरी फ्रेमबाहेर उभं केलं, आणि हे मात्र माझ्याकडून झालं.

आणखी एक गोष्ट आहे, तीही इथेच सांगून टाकतो. गोरटेक्ससारख्या पडद्याचं काम कसं चालतं हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या दाबात जितका फरक, तितकी घामाची वाफ बाहेर ओढली जाते. बर्लिनच्या थंडीत तो फरक भरपूर असतो. आपल्याकडे जुलैत अठ्ठावीस अंशांत हवा आधीच पाण्यानं भरलेली असते. वाफेला बाहेर जायला ओढच उरत नाही. दुचाकीवरून अर्धा तास गेलं की बाहेरचा पाऊस आत आलेला नसतो, पण आतून माणूस भिजलेला असतो. मुंबईत तर विचारूच नका. मी स्वतः दोन पावसाळे हे अनुभवलं होतं. तरीही नव्या मुलांना मी पाणी अडवण्याचं वीस हजार मिलिमीटरचं रेटिंग, तीन थरांचं कापड, हेच उत्साहानं सांगत राहिलो. घामाचं सांगितलं असतं तर मी आधीच घेतलेल्या दुसऱ्या जॅकेटची किंमतही प्रश्नात आली असती. आमच्यातल्या एका विद्यार्थ्यानं माझं ऐकून इंटर्नशिपचे साठवलेले पैसे एका जॅकेटवर घातले. ऑगस्टमध्ये तो म्हणाला, "दादा, आत फार घाम येतो, माझ्या घालण्यात काही चुकतंय का?" मी म्हणालो, "आतला टी-शर्ट बदलून बघ." त्याचं काहीही चुकत नव्हतं. हे मी त्याला गेल्या आठवड्यात फोन करून सांगितलं. तो रागावला नाही, फक्त थोडा वेळ गप्प बसला.

पाणी घसरून जावं म्हणून या कपड्यांवर जी रसायनं वर्षानुवर्षं वापरली गेली, त्यांतली बरीचशी निसर्गात जिरत नाहीत. गोर कंपनीनेही २०२२ पासून तशी रसायनं टाळून नव्या प्रकारचा पडदा बाजारात आणायला सुरुवात केली. हेही मला ठाऊक होतं. गटात हा विषय एकदा निघाला होता आणि मीच तो दुसरीकडे वळवला होता.

नोव्हेंबरात कपाट आवरताना माझ्या जॅकेटची शिवणींवरची पट्टी सुटलेली दिसली. खांद्यापासून बगलेपर्यंत, सापाच्या कातेसारखी. आपल्या दमट हवेत त्यातलं प्लास्टिक हळूहळू कुजतं. एका चांगल्या टेलरकडे घेऊन गेलो. त्यानं उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं, "हे आपल्याकडं होत नाही." रविवार पेठेत चेन, बकल, वेल्क्रो सगळं मिळालं, ती पट्टी मिळाली नाही. घरी येऊन जॅकेट मांडीवर घेऊन बसलो तेव्हा सायकलच्या ट्यूबच्या त्या पट्ट्या आठवल्या. ते काम येणारा एकच माणूस मला माहीत होता.

लगेच त्याला मेसेज करावा असं वाटलं आणि तिथेच मी थांबलो, हे मात्र बरं केलं. जॅकेट दुरुस्त करून हवंय म्हणून त्याची आठवण काढणं हा पुन्हा तोच प्रकार झाला असता. म्हणून जॅकेटचं काही लिहिलं नाही. जुलैत मी त्याला फोटोतून बाजूला केलं, ते चुकलं, एवढंच लिहिलं. आणि त्याचं काम सगळ्यांना नीट बघायचंय, तो येईल का, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला उत्तर आलं. "दादा त्यात काय एवढं. यायला आवडेल. पण रविवारी संध्याकाळी जमत नाही, ऑर्डरी जास्त असतात. त्या दिवशी पण मधूनच निघालो होतो."

वर्षभरात मी नऊ भेटी ठरवल्या. नऊच्या नऊ रविवारी संध्याकाळी. कोणाला कोणती वेळ जमते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्याला विचारलं, कधी जमेल? दुपारच्या आणि रात्रीच्या ऑर्डरींच्या मधला वेळ थोडा मोकळा असतो, म्हणाला. शनिवार-रविवार सोडून. म्हणून जानेवारीतली पहिली मीटअप मंगळवारी दुपारी साडेतीनला ठेवली आहे. खांबांखाली नाही, एका मित्राच्या घरी, कारण तिथे शिलाई मशीन आहे. येणाऱ्यांनी एक फाटलेली किंवा उसवलेली वस्तू आणायची आहे. कॅमेरा आणायचा नाही. ग्रुपमधल्या नोकरीवाल्यांना अर्ध्या दिवसाची रजा काढावी लागेल, म्हणून कुरकुर सुरू आहे आणि त्रेचाळीसपैकी आतापर्यंत सहाच जणांनी होकार दिलाय. मी माझा रजेचा अर्ज काल दिला. तो मंजूर झाला आहे.